उज्जैनला ताजी फुले पाठवायची आहेत? मागणी नोंदवण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

उज्जैनला स्थायिक झालेल्या आत्याची पंचाहत्तरी आहे, रजा मिळत नाही आणि पणजीहून उज्जैनचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक. अशा वेळी पुष्पगुच्छ पाठवावा असा विचार मनात येतो. मोबाइलवर शोध घेतला की क्षणार्धात अनेक संकेतस्थळे समोर उभी राहतात, पैसे भरले जातात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात काम तेथून सुरू होते. गुच्छ त्याच दिवशी, ताज्या स्थितीत आणि योग्य घरी पोहोचणे हे बव्हंशी आपण कोणती माहिती देतो आणि ती कोणाला देतो, यावर अवलंबून असते.

जुना ऋणानुबंध

गोमंतकीयांना उज्जैन परके नाही. श्री महाकालेश्वराच्या मंदिराची सध्याची वास्तू अठराव्या शतकात, १७३४ च्या सुमारास, राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारली. हेच रामचंद्र मल्हार सुखटणकर श्री मंगेशाचे निस्सीम भक्त होते आणि त्यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला, असे देवस्थानाच्या इतिहासात सांगितले जाते. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे राजधानी हलवेपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. त्या काळापासून माळव्यात मराठी घरे नांदत आली आहेत आणि त्यांचे गणगोत महाराष्ट्रात व गोव्यात विखुरलेले आहे.

प्रवास मागणीचा, फुलांचा नव्हे

गोव्यातून निघालेली फुले उज्जैनला पोहोचत नाहीत, पोहोचते ती केवळ मागणी. गुच्छ तेथील फूलविक्रेताच बांधतो आणि त्याचाच माणूस तो दारात नेऊन देतो. ही पद्धत शतकाहून जुनी आहे. जर्मनीत १९०८ मध्ये फ्लेउरॉप ही फूलविक्रेत्यांची व्यवस्था सुरू झाली. १९१० मध्ये अमेरिकेतील फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने मागणी कळवण्याची संघटना स्थापली. एका गावचा विक्रेता पैसे घेई, दुसऱ्या गावच्या विक्रेत्याला तार करी आणि तो आपल्या दुकानातील फुले पोहोचवी. तारेची जागा आज संकेतस्थळाने घेतली आहे, मूळ रचना तीच आहे.

या रचनेचा एक परिणाम ग्राहकाने ओळखून असावे. मध्यस्थ संकेतस्थळ आपला हिस्सा ठेवून उरलेली रक्कम स्थानिक दुकानाला देते. त्यामुळे भरलेल्या हजार रुपयांत हजार रुपयांची फुले येत नाहीत. मध्यस्थामुळे पैसे भरणे व मागणीचा पाठपुरावा करणे सोपे जाते, हा त्याचा लाभ. उज्जैनमधील दुकानाशी थेट बोलल्यास तेवढ्याच पैशांत फुले अधिक मिळण्याची शक्यता असते आणि दुकानात आज काय आले आहे हेही कळते. तेथे आप्त वा परिचित असल्यास दुकानाचे नाव त्यांच्याकडूनच घ्यावे, याहून चांगली चौकशी नाही. फ्रीगंज ही शहराच्या नव्या भागातील मोठी बाजारपेठ आहे. मंदिर परिसरातील फूलवाले मात्र प्रामुख्याने देवाला वाहण्याच्या फुलांचा व हारांचा व्यवसाय करतात, त्यांच्याकडून घरपोच पुष्पगुच्छाची अपेक्षा ठेवू नये.

खुडलेले फूलही जिवंत असते

झाडावरून खुडल्यानंतरही फुलाचा श्वासोच्छ्वास चालू राहतो. साठवलेली शर्करा संपत जाते, पाकळ्यांतून बाष्प निघून जाते आणि देठाच्या कापलेल्या टोकाशी हवा वा जिवाणू साचल्यास पाणी वर चढेनासे होते. उष्णता वाढली की या साऱ्याचा वेग वाढतो. म्हणूनच गुलाब २ ते ४ अंश सेल्सियस तापमानात साठवले जातात. उलटपक्षी अँथुरियम व अनेक ऑर्किड ही उष्ण प्रदेशांतील फुले १० अंशांखालील थंडीने काळवंडतात. सारीच फुले एका शीतपेटीत ठेवणारे दुकान त्यांतील काही फुलांचे आयुष्य कमीच करते.

माळव्याच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांवर जाते आणि हवा कोरडी असते. गोव्याच्या दमट हवेत दिवसभर तग धरणारे फूल तेथे काही तासांत मान टाकू शकते. उन्हाळ्यात सकाळची वेळ मागून घ्यावी आणि घरी कोणी असेल याची खात्री करावी. नाजूक गुलाबांपेक्षा शेवंती, कार्नेशन किंवा ऑर्किड यांची निवड या दिवसांत अधिक सुरक्षित ठरते. हिवाळ्यात माळव्यातील रात्री थंड असतात, तेव्हा गुलाब व ग्लॅडिओलस निर्धास्तपणे मागवता येतात.

विशिष्ट फुलाचा आग्रह धरण्यापेक्षा रंग, प्रसंग व रक्कम सांगून त्या दिवशीची सर्वांत ताजी फुले घालण्यास सांगावे. संकेतस्थळावरील छायाचित्र हुबेहूब उतरवण्याच्या खटाटोपात शिळ्या फुलांचा भरणा होण्याचा संभव असतो.

नावे बदलतात, तिथीही बदलते

उज्जैनच्या दुकानात व्यवहार हिंदीत चालतो. आपला निशिगंध तेथे रजनीगंधा होतो, झेंडू गेंदा होतो आणि जास्वंदीला गुडहल म्हणतात. शेवंतीला सेवंती किंवा गुलदाउदी, तर पुष्पगुच्छाला गुलदस्ता हा शब्द आहे. अबोली आणि सुरंगी ही आपल्या अंगणातील फुले मात्र तेथील दुकानात मिळतील अशी आशा धरू नये.

याहून महत्त्वाचा फरक पंचांगाचा आहे. गोव्यात व महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु कृष्ण पक्षात ते बदलते. आपली श्रावण वद्य अष्टमी तेथे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे आषाढ वद्य पक्ष चालू असतो तेव्हा तेथे श्रावण लागलेला असतो. तिथीनुसार वाढदिवस वा वर्षश्राद्ध असेल आणि केवळ तिथी सांगून मागणी दिली, तर फुले तब्बल महिन्याच्या फरकाने पोहोचू शकतात. म्हणून विक्रेत्याला नेहमी इंग्रजी तारीख व वार सांगावा.

उज्जैनमध्ये या दोन्ही गणनांचा संगम दिसतो. महाकालाची सवारी उत्तरेकडील श्रावणाच्या सोमवारांपासून सुरू होते आणि मराठी परंपरेला अनुसरून भाद्रपदाच्या कृष्ण पक्षापर्यंत, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत, चालू राहते. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास पालखी मंदिरातून निघते, क्षिप्रेच्या रामघाटावर जाते आणि गोपाळ मंदिरावरून परतते. जुन्या शहरातील रस्ते त्या वेळी भाविकांनी भरून जातात. या भागात फुले पाठवायची असल्यास सोमवारी सकाळची वेळ घ्यावी.

महाशिवरात्रीच्या सुमारासही फुलांची मागणी मोठी असते. दुसऱ्या दिवशी महाकालाला फुलांचा सेहरा चढतो आणि वर्षातून एकदाच दुपारी होणारी भस्म आरती त्याच दिवशी होते. या काळात मागणी काही दिवस आधी नोंदवणे श्रेयस्कर. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक या परिसराचे लोकार्पण झाले. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ मध्ये भरणार आहे, त्या महिन्यांत तर घरपोच सेवेचे वेळापत्रक आधी विचारूनच घ्यावे लागेल.

पत्ता आणि कार्डावरील मजकूर

पत्त्यात घर क्रमांक, वसाहत, जवळची खूण व पिनकोड असावा. मोबाइल क्रमांक पाठवणाऱ्याचा नव्हे, तर घेणाऱ्याचा द्यावा. भेट अचानक द्यायची असल्यास त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक द्यावा. वयोवृद्ध व्यक्ती अनोळखी क्रमांकाला प्रतिसाद देत नाहीत आणि फुले दुकानात परत जातात, हा प्रकार टाळण्यासारखा आहे.

कार्डावरील मराठी मजकूर तोंडी सांगू नये. हिंदीत ‘ळ’ हे अक्षर वापरात नसल्याने ‘काळजी’चे ‘कालजी’ आणि ‘बाळ’चे ‘बाल’ होण्याची शक्यता असते. मजकूर स्वहस्ते कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवावे आणि तसाच उतरवण्याची विनंती करावी. पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव कार्डावर हवेच. फुले कोणी पाठवली हे न कळल्याने घरच्यांचा गोंधळ उडतो.

दुःखाच्या प्रसंगी अधिक सावधगिरी हवी. रंगीत कागदात बांधलेला गुच्छ अशा घरी शोभत नाही. पांढरी फुले किंवा प्रतिमेला घालण्याचा साधा हार योग्य ठरतो. माळव्यात निधनानंतर ‘उठावना’ हा शोकसभेसारखा विधी होतो. त्याची वेळ घरच्यांना विचारून तीच विक्रेत्याला कळवावी. कार्डाला चकचकीत फीत वा शुभेच्छांचा छापील मजकूर लावू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगितलेले बरे.

फसवणूक आणि दाद

उज्जैनचे नाव मिरवणारे प्रत्येक संकेतस्थळ उज्जैनमधील असतेच असे नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार अशा व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. तो नसल्यास पुढे जाऊ नये. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण झाले पाहिजे, असेही हे नियम सांगतात. यूपीआयद्वारे पैसे देताना पडद्यावर उमटणारे नाव दुकानाच्या नावाशी जुळते का, हे पाहावे.

मागणी देतानाच तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पोहोचण्याची तारीख व वेळ, फुलांची अंदाजे संख्या आणि गुच्छ निघण्यापूर्वी त्याचे छायाचित्र. फुले कोमेजलेली आली वा आलीच नाहीत, तर त्याच दिवशी छायाचित्रासह तक्रार करावी, कारण दोन दिवसांनंतर ताजेपणाचा पुरावा उरत नाही. समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. गोव्यातील ग्राहकाला त्यासाठी उज्जैनला जावे लागत नाही.

फुले घरी आल्यावर

पाठवणाऱ्याने एक छोटा दूरध्वनी करून पुढील गोष्टी सांगाव्यात. वेष्टन काढून देठांची टोके दोन-तीन सेंटीमीटर तिरकी कापावीत. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, अन्यथा ती कुजून पाणी दूषित करतात. पाणी रोज बदलावे. फुलदाणी ऊन, पंख्याचा झोत आणि पिकलेली फळे यांपासून दूर ठेवावी. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने कार्नेशनसारखी फुले लवकर मावळतात. टोपलीतील रचना ओल्या स्पंजवर असेल तर त्यात रोज थोडे पाणी घालावे. हा स्पंज कुजत नाही, म्हणून तो ओल्या कचऱ्यात टाकू नये.

उज्जैनमध्ये मंदिरांतील निर्माल्य गोळा करून त्यापासून उदबत्त्यांसारख्या वस्तू तयार केल्या जातात. घरातील सुकलेली फुलेही कागद, फीत व तार काढून कुंडीतल्या खतात घातली, तर तीही वाया जात नाहीत.

आणि फुले पोहोचल्याची पोच दुकानाकडून न घेता शक्यतो घरच्यांकडूनच घ्यावी. त्या निमित्ताने आत्याशी चार शब्द बोलणेही होते.