अमूर्त शिल्प आणि मावळचा कातळ

आधुनिक शिल्पांच्या प्रदर्शनाला गेलेला कामगार बहुधा एकच प्रश्न विचारतो: 'हे आहे तरी काय?' माणूस नाही, देव नाही, घोडा नाही. दगडाचा एक गोळा, त्याला आरपार भोक, नाही तर लोखंडी पत्र्यांची जुळणी. आणि शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते 'डोंगर' किंवा 'किनारा'. प्रश्न रास्त आहे. पण त्याला हसणारे लोक असतात, आणि ते हसणे ऐकून पुन्हा त्या दालनात पाऊल न टाकणारे कामगारही असतात. ही कला परकी आहे, पैसेवाल्यांची आहे, असा ग्रह मग पक्का होतो. हा ग्रह इतिहासाला धरून नाही, एवढेच आज आम्हांस दाखवावयाचे आहे. त्यासाठी लांब जावयाचे कारण नाही. मळवली स्टेशनावर उतरले म्हणजे पुरे.

आधी ही आधुनिक मंडळी कोण ते पाहू. हेन्री मूर (१८९८–१९८६) हा इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यातल्या एका कोळसा-खाणकामगाराचा मुलगा. त्याने आडव्या पहुडलेल्या स्त्रिया घडविल्या. त्यांचा गुडघा म्हणजे टेकडीचा माथा आणि कंबर म्हणजे दरी, असे वाटू लागते. १९५९ पासून तर त्याने ती आकृती दोन तुकड्यांत मांडली, तेव्हा समुद्राकाठचे कडेच पाहतो आहोत असा भास होतो. त्याच परगण्यात जन्मलेली बार्बरा हेपवर्थ (१९०३–१९७५) ही रस्त्यांची देखभाल पाहणाऱ्या सर्व्हेअरची मुलगी. बापाच्या मोटारीतून हिंडताना तिने डोंगरांचे चढउतार पाहिले ते जन्मभर विसरली नाही. पुढे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहून तिने लाकूड आणि दगड आतून पोखरले, पोकळीलाच आकार दिला.

आपल्या मुंबईतही असे लोक झाले. आदी दाविअरवाला (१९२२–१९७५) हे औषधशास्त्र शिकलेले. पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) या जाहिरातीच्या व्यवसायात होत्या. दोघांनाही ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन मिळाले. बाकी विद्या त्यांनी स्वत:च मिळविली. लाकूड, दगड, पुढे पोलाद आणि भंगार लोखंड ही त्यांची सामग्री. आम्ही आमच्या काही साथींसह अशी शिल्पे पाहिली तेव्हा एका वेल्डरने सांध्यावरून नजर फिरवून सांगितले की, हे काम घाईचे नाही. त्या दालनात त्या दिवशी याहून खरी समीक्षा आम्ही ऐकली नाही.

आता मावळाकडे वळू. येथील डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला काळा कातळ. पाऊस त्याला झिजवितो. एखादा थर लवकर खचतो, एखादा टिकतो. म्हणून तिकोना त्रिकोणी दिसतो, खंडाळ्याची नागफणी पुढे झेपावते, आणि लोहगडाचा विंचूकाटा चिंचोळा होत जातो. या कातळात विसापूरच्या पायथ्याशी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, भाज्याची लेणी कोरली गेली.

तेथे मोठ्या चैत्यगृहाच्या दक्षिणेस चौदा स्तूपांचा समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. खाली गोल ओटा, त्यावर अर्धगोल अंड, बस्स. चेहरा नाही, हात नाहीत, कथा नाही. एक लहान, एक मोठा. त्यांच्यामधून चालू लागले म्हणजे दोन स्तूपांमधली रिकामी जागासुद्धा काही सांगते आहे असे वाटते. हे अमूर्त शिल्प नव्हे तर काय? स्तूपाचा मूळ आकार मृतावर रचलेल्या मातीच्या ढिगाचा, म्हणजे माणसाने केलेल्या टेकडीचाच. त्याला अर्थ नाही असे नाही: हे दिवंगत थेरांचे स्मारक आहे, आणि त्यांपैकी काहींची नावे, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन, दगडावर कोरलेली आहेत. म्हणजे चेहऱ्यावाचूनही स्मरण करता येते, हे या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

आणि काम कसे केले? बांधकामात भर घालीत जावयाचे असते. येथे सारे काढून टाकण्याचे काम. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन, असे वरून खाली. छिन्नीचा एक घाव चुकला तर निघालेला कपचा परत बसत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. ती एवढी मोठी पोकळी कोणी घडविली?

याचे उत्तर शिलालेखांत शोधले पाहिजे. बहुतेक नावे दात्यांची आहेत, हे खरे. पण ते दाते पाहा. भाज्याला बाधा नावाच्या, एका नांगरधाऱ्याच्या बायकोचे दान आहे. कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल शेठचे नाव आहे, तसेच दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचेही आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याला तर कान्हाचा शिष्य बलक याने आपण हे केले असे कोरून ठेविले आहे.

याच्या शेजारी बोरघाटाची रेल्वे ठेवून पाहा. हे काम १८५६ मध्ये सुरू झाले, १८६३ मध्ये घाटातून गाड्या धावल्या. पंचवीस बोगदे, ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. १८५९ मध्ये मजुरी मिळाली नाही म्हणून मजुरांनी दंगा केला. पटकीने किती गेले याची गणती नाही. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचे नाव इतिहासात आहे, तो वारल्यावर काम पुरे करणाऱ्या त्याच्या पत्नी ॲलिसचेही आहे. सुरुंग ठासणाऱ्या माणसाचे नाव कोठल्याही दगडावर नाही. कातळ तोच, छिन्नी तीच. दोन हजार वर्षांनी माणूस पुढे गेला म्हणावयाचे, आणि सुताराचे नाव मात्र पुसले गेले.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. कामगारांनी अशा प्रदर्शनांस अवश्य जावे. 'हे कशासारखे दिसते?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूस ठेवून शिल्पाभोवती एक फेरी मारावी. भार कोठे आहे, पोकळी कोठे आहे, उजेड कोठे अडतो ते पाहावे. ज्याने आयुष्यभर लोखंड आणि दगड हाताळला, त्याला हे इतरांपेक्षा लवकर कळते. आणि प्रदर्शन भरविणाऱ्यांनी शिल्पकाराच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहावी: ओतकाम कोणी केले, वेल्डिंग कोणी केले, दगड कोणी फोडला. कोंडाण्याच्या बलकाला जे मिळाले ते आजच्या कारागिराला मिळू नये, असे कोणत्याही कलाशास्त्रात सांगितलेले नाही.