पाणंद रस्त्याची खरी अवस्था ओपन नकाशावर कशी नोंदवायची?

मोबाईलच्या नकाशात रस्त्याची रेघ दिसली म्हणजे गाडी जाईलच असं नाही. काळ्या मातीच्या शिवारात आषाढात पाणंदीतून ट्रॅक्टर निघत नाही, तिथं रुग्णवाहिका काय निघणार? पण नकाशाला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला, लोकांनीच भरायचा नकाशा. मोफत खातं उघडून कुणीही त्यात माहिती टाकू शकतो. रस्त्याच्या दर्जासाठी मुख्य नोंदी तीन. 'सरफेस' म्हणजे वर काय टाकलंय ते: डांबर असेल तर अस्फाल्ट, सिमेंट असेल तर काँक्रीट, मुरूम टाकून रोलर फिरवला असेल तर कॉम्पॅक्टेड, नुसती माती असेल तर ग्राउंड. 'ट्रॅकटाईप' शेतरस्त्यांसाठी; ग्रेड 1 पक्का, ग्रेड 5 एकदम मऊ.

तिसरी 'स्मूदनेस', आणि खरी गोम इथंच आहे. डांबरी म्हणून नोंदलेल्या रस्त्याचीही खड्ड्यांनी चाळण झालेली असते. म्हणून इथं कोणतं वाहन जातं ते बघायचं. साधी कार, रिक्षा कशीबशी जात असेल तर 'बॅड', फक्त उंच गाडी जात असेल तर 'व्हेरी बॅड', त्याहून वाईट 'हॉरिबल', ट्रॅक्टरच जात असेल तर 'व्हेरी हॉरिबल', चाकच जात नसेल तर 'इम्पासेबल'.

वाट दाखवणारी साधनं हेच वाचतात. ओएसआरएम या मोफत साधनात कारसाठी 'बॅड'ला जास्तीत जास्त ताशी 40 किमी वेग धरलाय, 'व्हेरी बॅड'ला 20, 'हॉरिबल'ला 10, 'इम्पासेबल'ला शून्य. नोंद नसली की रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज, आणि तो आपल्याकडं बहुतेक वेळा चुकतो.

सुरुवातीला अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट ॲप बरं. रस्त्यावर उभं राहिलं की ते प्रश्न विचारतं, फोटो बघून उत्तर निवडायचं. शिवारात रेंज नसते, म्हणून भाग घरीच डाउनलोड करून घ्यावा.

कागदावर खडीकरण झालंय म्हणून तसं लिहू नका, पायाखाली आहे तेच लिहा. अर्धा रस्ता चांगला, अर्धा खराब असेल तर नकाशात तिथं रस्ता तोडून दोन नोंदी कराव्यात. गुगल मॅपवरून काहीही उतरवायला मनाई आहे.

फरशी पुलावर पाणी चढत असेल तर तेवढ्या तुकड्याला 'फ्लड प्रोन' ही वेगळी नोंद लावतात. ती संगणकावर संकेतस्थळाच्या एडिटरमधून टाकता येते.