येवला : पैठणचे नाव, येवल्याची पेठ

#थ्रेड #इतिहास

१) युरोपात 'डिझायनर आउटलेट व्हिलेज' नावाचा बाजार असतो. गावासारखी मांडलेली दुकानांची वसाहत, नामांकित वस्त्रांचा थेट उत्पादकाकडून येणारा माल आणि दूरदूरहून खास खरेदीसाठी येणारी माणसे. महाराष्ट्रात याच्या जवळचे उदाहरण शोधायचे, तर एखाद्या मॉलपेक्षा नाशिक जिल्ह्यातील येवल्याकडे पाहावे लागते.

२) इतिहासाच्या वाचकाला येवला दोन कारणांनी ठाऊक असते. १८५७ च्या संग्रामातील सेनानी तात्या टोपे मूळचे येथले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती येथेच. या गावाचा तिसरा इतिहास बाजारपेठेचा आहे. त्याच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : माग टाकण्याचा आणि माल विकण्याचा अधिकार कोणाचा?

३) प्रथम नावाविषयी. पैठणी हे नाव गोदावरीकाठच्या पैठणचे, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानचे. आज मात्र पैठणीची मोठी पेठ येवल्यात आहे. वस्तूचे नाव एका गावाचे आणि बाजार दुसऱ्या गावाचा, असे का व्हावे?

४) उत्तराचा पहिला धागा गावाच्या स्थापनेत सापडतो. येवला वसवण्याचे श्रेय रघोजीबाबांना दिले जाते. रिकाम्या जागी पेठ वसवायची, तर व्यापारी आणि कारागीर यांना बाहेरून बोलवावे लागे, आणि ते यावेत म्हणून काही सवलती द्याव्या लागत. मराठेशाहीत अनेक पेठा अशाच वसल्या.

५) १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येवल्याच्या सवलतीची हकिकत आहे. बाहेरून आणलेल्या गुजराती व्यापाऱ्याला आणि त्याच्याबरोबरच्या विणकरांना गावातील रेशीम-उद्योगाचा मक्ता मिळाला. नव्या माणसाला मनात आले म्हणून येथे रेशमाचा माग टाकता येत नसे. पुढे गाव पेशव्यांकडून विंचूरकरांच्या जहागिरीत गेले. मक्ता मात्र चालूच राहिला.

६) हा मक्ता इंग्रजी अमलात न्यायालयात गेला आणि १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आला. उच्च न्यायालय स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या बंधनाने पेठ उभी राहिली, तेच पुढे तिच्या वाढीला आड येत होते. यानंतर बाहेरच्या विणकरांनाही येथे माग टाकण्याची वाट मोकळी झाली.

७) दुसरा धागा रस्त्यांचा. १८७८ साली धोंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवला त्यावरचे स्थानक ठरले. नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे रस्ते येथे एकमेकांना छेदतात. शिर्डी जवळच असल्याने दर्शनाला आलेली कुटुंबे खरेदीसाठी येवल्याकडे वळतात. रेशीम कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते; कच्चा माल बाहेरचा, तरी कसब आणि पेठ येथली.

८) इंग्लंडशी तुलना करून पाहू. सॉमरसेटमधील स्ट्रीट या गावात १८२५ पासून क्लार्क्सचा पादत्राणांचा उद्योग होता. उत्पादन परदेशी जाऊ लागले आणि १९९३ साली जुन्या कारखान्याच्या आवारात 'क्लार्क्स व्हिलेज' हा आउटलेट बाजार उघडला. १९९५ साली सुरू झालेल्या बिस्टर व्हिलेजला तर कारखान्याची पार्श्वभूमीही नाही. माल दुसरीकडे तयार होतो, गावात तो फक्त विकला जातो.

९) येवल्यात दुकानाच्या मागे अजून माग चालतो. अस्सल पैठणीच्या पदरावरचा मोर, कुयरी, आसवली किंवा कमळ हे भरतकाम नसते. निरनिराळ्या रंगांचे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवत ती नक्षी विणतानाच उमटवली जाते. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. साध्या साडीला काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात.

१०) या पेठेचा पैस जिल्ह्यापुरता नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावात लग्नाचा बस्ता बांधायचा, तर पुसद, उमरखेडची दुकाने जवळची. पण तेथल्या गादीवरही पैठणी उलगडताना 'येवल्याची' हा शब्द भाव वाढवतो. २००४ पासून 'होम मिनिस्टर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणीला बक्षिसाचा मान दिला आणि तिचे नाव घरोघरी गेले.

११) मागणी वाढली, तशी यंत्रमागावरची नक्कलही वाढली. ती थोड्या वेळात विणून होते आणि कमी दरात त्याच नावाने विकली जाते. हातमागावरच्या विणकराला त्या दराशी स्पर्धा करता येत नाही. शिवाय अनेक विणकर व्यापाऱ्याने दिलेल्या रेशमावर आणि जरीवर मजुरीने विणतात. 'थेट विणकराकडून' असा फलक दिसला, म्हणून नफाही विणकराकडेच जातो असे नव्हे.

१२) २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. येवल्याच्या इतिहासात हे नवे वळण आहे. जुना मक्ता माग कोणी टाकावा हे ठरवत होता. १८६४ च्या निर्णयाने ते बंधन काढले. मानांकन ठरवते ते कोणत्या वस्त्राला पैठणी म्हणावे एवढेच. मक्त्याने माणूस अडवला जाई, मानांकनाने खोटे नाव अडवायचे आहे.

१३) मानांकनाचा कागद दुकानात प्रत्येक साडीची राखण करू शकत नाही, ते काम गिऱ्हाइकाचेही आहे. येवल्याला गेलात, तर पदर उलटून मागची बाजू पाहा. तेथे मोकळे लोंबणारे किंवा कातरलेले धागे दिसले, तर ती नक्षी हातमागावरच्या पैठणीची नव्हे. दुकानामागचा मागही पाहा आणि ही साडी विणायला किती दिवस लागले, हे विणकरालाच विचारा.