होडी नेमकी कुणी बनवली?



आमच्या नायगावला समुद्र नाही. नांदेडची गोदावरी सोडली तर पाण्याशी आपला संबंध विहीर, बोअर आणि टँकर एवढाच. तरी आज होड्यांवर लिहितोय. कारण पीएचडी करताना पडलेला एक प्रश्न मला होड्यांच्या इतिहासातून नीट समजला. एखादी वस्तू 'बनवली' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात कुणी नेमकं काय केलेलं असतं?

'म्हादेई'पासून सुरुवात करू. ५६ फुटांची शिडाची होडी. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ही होडी गोव्यात दिवाड बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. पण तिचा आराखडा 'टोंगा ५६' हा, नेदरलँड्समधल्या व्हॅन द स्टॅट या संस्थेचा. मग ही होडी कुणाची म्हणायची?

उत्तरासाठी तीन कामं वेगळी करून बघा. डिझायनर आकार ठरवतो: पाण्यातलं अंग कसं असेल, शीड किती मोठं, माणूस आत कुठे बसेल आणि झोपेल. इंजिनिअर विचारतो की हे टिकेल का? वाऱ्याने आडवी झाली तर परत सरळ होईल का? आणि बांधणाऱ्याला ते प्रत्यक्षात उतरवायचं असतं. 'म्हादेई'चं अंग म्हणजे मध्ये लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचे थर. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून मजबूत माल बाहेर आणि हलका आत. हे गणित कागदावर सोपं वाटतं. पण थर नीट चिकटला नाही, आत हवा राहिली, तर गणिताचा काही उपयोग नाही. तिथे हातच लागतो.

आता कुणी म्हणेल, आधी डिझायनर, मग इंजिनिअर, मग कारागीर; सरळ रांग आहे. तसं नसतं. शीड वाढवलं की होडी जास्त कलते. ती सावरायला तळाचं वजन वाढवावं लागतं. वजन वाढलं की होडी पाण्यात खोल बसते, म्हणजे पहिला आकारच बदलला! असे बरेच फेरे घ्यावे लागतात. तुमच्या प्रयोगाची रचना पण अशीच पुन्हा पुन्हा बदलते, बघा.

दुसरी होडी 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने १९६० च्या दशकात मुंबईत, कुलाब्याला बांधून घेतली. ३२ फूट लांब, सागवानी. १४ जून १९६८ ला तो निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्याने जगाला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ ला परतला. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा हा एकटा. होडीचा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन डिझायनरचा. त्याने तो नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांवरून घेतलेला. म्हणजे कल्पना नॉर्वेची, रेघा अमेरिकेच्या, हात मुंबईचे. वाकस आणि सामता घेऊन सुतारांनी ती घडवली. मी वाचलेल्या लेखांत आर्चर आणि अ‍ॅटकिन ही नावं ठळक आहेत. सुतार मात्र फक्त 'मुंबईचे सुतार'. कागदावर सही असते, तासलेल्या फळीवर नसते. इतिहास कागदावरून लिहिला की असं होतं.

तिसरी होडी आपल्या मराठवाड्याशी नातं सांगते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून 'कौंडिण्य' बांधायचं ठरलं. २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. इथे आराखडाच नव्हता, होतं ते फक्त चित्र. चित्रकाराने काही मापं दिलेली नव्हती. चित्रावरून आकार उभा करायचं काम नौदलाच्या तज्ज्ञांनी केलं. आयआयटी मद्रासमध्ये लहान प्रतिकृतीवर पाण्यात चाचण्या झाल्या. अशा चाचणीत एक गंमत असते. प्रतिकृती लांबीला नऊपट लहान असेल तर वेग नऊपट नाही, तिप्पटच कमी करायचा. तरच लाटा खऱ्यासारख्या उठतात. वेगाचं नातं लांबीच्या वर्गमुळाशी आहे, हा फ्रूडचा नियम. आणि फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायचं काम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केलं. ती विद्या हातातूनच हातात आलेली. २१ मे २०२५ ला कारवारला जहाज नौदलात दाखल झालं, आणि २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून मस्कतला निघालं. सरकारी माहितीतही मुख्य कारागिराचं नाव आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

का वाटतं, ते सांगतो. माझ्या पहिल्या पेपरसाठी नमुना धरायचा एक साचा लागत होता. मी चित्र काढून दिलं. वर्कशॉपमधल्या मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "सर, हा कोपरा तापला की तडकणार." त्यांनी कोपरा गोल केला. साचा टिकला, वाचनं आली. पेपरमध्ये मी लिहिलं: 'आम्ही साचा तयार केला.' आभारात त्यांचं नाव नाही. पेपर छापून आला, आता बदलता येत नाही. मामांनी कधी विचारलं पण नाही.

म्हणून तुम्ही सुरुवात करताय तर पहिल्या दिवसापासून वहीत तीन रकाने आखा: कल्पना कुणाची, तपासणी कुणाची, हात कुणाचे. तारीख टाका. कधी तिन्ही रकान्यांत तुमचंच नाव येईल, बहुतेक वेळा येणार नाही. प्रबंध लिहायला बसाल तेव्हा ही वही समोर ठेवा. मी प्रबंधाचं आभाराचं पान आधीच लिहून ठेवलंय. त्यात मामांचं नाव पहिल्या ओळीत आहे.