बसवनगुडीचा कातळ

सृष्टीचा इतिहास सांगणारे संग्रहालय म्हटले की उंच दालने, काचेची कपाटे, पेंढा भरलेले वाघ आणि लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढे येतात. आपल्या देशात अशी संग्रहालये एकोणिसाव्या शतकात निघाली. मद्रासचे १८५१ साली निघाले व बंगळूरचे १८६५ साली. या दोहोंमागे एडवर्ड बाल्फर या एकाच शस्त्रवैद्याची खटपट होती. मुंबईचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय, ज्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, १८७२ साली खुले झाले. विद्वानांनी ही संग्रहालये अभ्यासासाठी उभारली; लोकांनी त्यांना आपल्या मनाजोगी नावे दिली. कलकत्त्यात ते जादूघर झाले, मराठीत अजबखाना झाला आणि बंगळूरात तमाशा बंगला. सणावारी माणसे थव्याथव्यांनी येत, नवल करीत आणि परत जात. दार सर्वांना उघडे होते. परंतु चिठ्ठी वाचता न येणाऱ्यास आतला अर्थ बंदच राही, आणि दृष्टिहीनास तर काचेपलीकडे काहीच नसे.

त्याच बंगळूरच्या दक्षिण भागात एक असे स्थळ आहे की जेथे कपाट नाही, काच नाही आणि हात लावण्यास मनाईही नाही. ते म्हणजे बसवनगुडीचा कातळ होय. कानडीत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. येथील देवळात एकाच पाषाणातून कोरलेला नंदी आहे. त्याची उंची सुमारे पंधरा फूट व लांबी सुमारे वीस फूट. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाच्या नावाशी, म्हणजे सोळाव्या शतकाशी, या देवळाचा संबंध जोडला जातो. देवळालगतच्या उघड्या खडकास ब्यूगल रॉक म्हणतात. तेथे टेहळणीचा पहारा असे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पहारेकरी तुतारी फुंकीत, असे सांगतात. १६३८ च्या सुमारास बंगळूर विजापूरकरांकडे जाऊन पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राज्ये बदलली, खडक तोच राहिला.

या नंदीविषयी तेथील शेतकऱ्यांत एक कथा आहे. भुईमुगाच्या शेतात एक बैल रोज चरून जाई. संतापलेल्या शेतकऱ्याने त्याला मारले, तो बैल दगड झाला आणि पुढे तो दगड वाढू लागला. अखेर त्याच्या मस्तकी त्रिशूळ रोवला, तेव्हा वाढ थांबली. आजही कार्तिकातील शेवटच्या सोमवारी येथे शेंगांची जत्रा भरते. तिला कडलेकाई परिषे म्हणतात. शेतकरी नव्या पिकाच्या राशी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात.

कथेतला दगड वाढतो, भूशास्त्रातला झिजतो. उन्हाने तापून आणि पावसाने निवून या खडकाचे पापुद्रे कांद्याच्या पातीप्रमाणे सुटतात व त्याला ती गुळगुळीत, गोलसर पाठ येते. जवळून पाहिले तर त्यात फिकट व काळसर पट्टे एकाआड एक वळणे घेत गेलेले दिसतात. फिकट पट्टे गारगोटीचे व फेल्स्पारचे, काळसर पट्टे अभ्रकाचे व तत्सम खनिजांचे. अशा खडकास मराठीत पट्टिताश्म म्हणतात. म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ साली या खडकसमूहास द्वीपकल्पीय नाइस हे नाव दिले. त्यातील झिरकॉनच्या सूक्ष्म कणांत युरेनियमचे हळूहळू शिसे होत असते. या दोहोंचे प्रमाण मोजून खडकाचे वय काढतात. ते सुमारे तीनशे कोटी वर्षे भरते.

मराठी माणसाला हा आकडा आपल्या घरच्या मापाने मोजता येईल. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. रायगड ज्यावर उभा आहे त्या पाषाणाहून बसवनगुडीचा खडक पंचेचाळीस पटींनी जुना ठरतो. तो घडला तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हते, प्राणी नव्हता, हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. जीव होते ते केवळ सूक्ष्म.

हा खडक टिकला कसा, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. याच जातीच्या दगडाने दक्षिण कर्नाटकातील घरांचे खांब, पायऱ्या आणि शेताच्या कुंपणांचे उभे चिरे पुरविले. त्यासाठी किती टेकड्या फुटल्या याची गणती नाही. बसवनगुडीचा खडक देवळाने राखला आणि पहाऱ्याने राखला. जवळच लालबागेतील खडकावर केंपेगौडाच्या नावाचा बुरूज आहे, आणि १७६० साली हैदरअलीने आरंभिलेली बाग त्याभोवती वाढली. १८९८ च्या प्लेगाने जुन्या पेठेतील दाटीचे भय दाखविल्यावर बसवनगुडीची आखीव वस्ती वाढली. तिनेही खडकाभोवती मोकळी जागा ठेवली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लालबागेतील खडकास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरविले ते १९७५ साली. म्हणजे शास्त्र येथे पोचले त्याआधी शेकडो वर्षे सामान्य लोकांनी आपापल्या कारणांसाठी हे धन सांभाळले होते. ते येथे येत राहिले, म्हणून ते वाचले.

आता राहिला प्रश्न अर्थाचा. वृद्धास किंवा पांगळ्यास माथ्यावर चढणे कठीण. पण खडकाची कड पायथ्याशी जमिनीला भिडते, तेथे कोणाचाही हात पोचतो. दृष्टिहीन मुलाच्या बोटांना त्या पाषाणाची खरबरीत धार आणि गुळगुळीत पाठ यांतला फरक कळतो. तीनशे कोटी वर्षांचा जिन्नस त्याच्या तळव्याखाली असतो. उणे असते ते सांगणाऱ्याचे. याबाबतीत बसवनगुडी भाग्यवान आहे. डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली येथेच गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक कार्याची संस्था काढली, एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली नॅशनल कॉलेजात बंगळूर विज्ञान मंच सुरू केला व शास्त्रावरील व्याख्याने सर्वांना खुली केली. ज्ञान चार भिंतींत अडकू नये, ही या वस्तीची जुनी रीत आहे.

ती रीत खडकापर्यंत यावयास हवी. जत्रेला आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कोणी चार वाक्ये सांगितली, तर नंदीची कथा खोटी पडणार नाही. तिच्या शेजारी दुसरी, अधिक जुनी कथा येऊन बसेल. आणि ज्या दगडाचे वय ठाऊक झाले, त्यावर सुरुंग लावण्यापूर्वी माणूस एकदा थबकेल.