वाफेचे इंजिन परत येते तेव्हा

इंग्लंडमधील लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन आणि ह्यूइटसन यांच्या कारखान्याने १८५५ साली बांधलेले एक वाफेचे इंजिन त्याच वर्षी कलकत्त्यास उतरले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये मिळाले. हावडा ते राणीगंज या मार्गावर त्याने हलक्या टपालगाड्या ओढल्या. १८५७ च्या उठावात इंग्रजांचे सैन्य वाहिले. पुढे बिहारमध्ये नवे लोहमार्ग टाकण्याच्या कामी ते राबले आणि १९०९ मध्ये निवृत्त झाले. नंतर हावड्याला चौथऱ्यावर, १९४३ पासून चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, असा त्याचा मुक्काम हलत राहिला.

एवढ्यावर ही हकिगत संपायला हरकत नव्हती. परंतु १९९७ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात हे इंजिन पुन्हा चालते केले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते दिल्ली ते अलवर हे १४३ किलोमीटरचे अंतर पर्यटकांना घेऊन धावू लागले. १९९८ मध्ये नियमित सेवेत असलेले जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

अशा इंजिनांचे शौकीन जगभर आहेत. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, यावर ते तासन्‌तास वाद घालतात. या प्रेमाची टिंगल करण्याचे कारण नाही. इतिहासाचे वेड हे नेहमीच तपशिलाच्या वेडातून सुरू होते. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. इंजिन परत येते तेव्हा नेमके काय परत येते? नुसते लोखंडच का?

आधी लोखंडाकडेच पाहू. फेअरी क्वीन सुमारे २६ टनांचे, सहा चाकांचे इंजिन आहे. या सहापैकी मधल्या दोनच चाकांना वाफेची शक्ती मिळते. साहजिकच रुळावरची पकड बेताची, म्हणून ते हलक्या गाड्यांपुरतेच उपयोगी. पाण्याची टाकी बॉयलरच्या खाली, सुमारे तीन हजार लिटरची. आता हे पाणी वाफेच्या दाबाविरुद्ध बॉयलरात ढकलायचे कसे? पुढे ते काम इंजेक्टरने होऊ लागले, पण इंजेक्टरचा शोध लागला १८५८ मध्ये. त्याआधीच्या इंजिनांत इंजिनाच्या चालीवरच चालणारे पंप असत. इंजिन उभे राहिले की पंपही बंद. मग बॉयलरात पाणी भरण्यासाठी उभ्या इंजिनाला रुळावर मागेपुढे फिरवावे लागे. ब्रेकही हाताने आवळायचे; सबंध गाडीला एकदम लागणारा ब्रेक अजून यायचा होता. यंत्रात जे नव्हते ते माणसाच्या दंडात आणि डोळ्यात असावे लागे.

जुने इंजिन पुन्हा चालवायचे म्हणजे पहिला प्रश्न बॉयलरचा. त्यात ठासून पाणी भरतात आणि नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन तपासतात. कुजलेल्या नळ्या काढून नव्या बसवतात. भट्टीची आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना धरून ठेवणारे शेकडो बोल्ट असतात. ते एकेक करून हातोडीने वाजवून पाहतात. शाबूत बोल्टचा नाद वेगळा, तुटलेल्याचा वेगळा. हा नाद पुस्तकात छापता येत नाही. जो कान वर्षानुवर्षे बॉयलरपाशी घडला आहे, त्यालाच तो कळतो.

फायरमनचेही तसेच. कोळसा फावड्याने भट्टीत फेकणे हे अंगमेहनतीचे काम, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कोळसा कुठे, किती पातळ आणि कोणत्या वेळी टाकायचा, चढण येण्यापूर्वी किती आधी आग तयार ठेवायची, याचे गणित त्याच्या डोक्यात चालू असते. काचनळीतील पाण्यावर त्याची नजर हवी. पाणी उतरून भट्टीचे छप्पर उघडे पडले तर त्यातले शिशाचे बूच वितळते, वाफ भट्टीत शिरते. तेही वेळेवर घडले नाही तर बॉयलर फुटतो. ज्याला आपण ‘हमाली’ म्हणतो ती अशी जोखमीची विद्या होती.

भारतात ब्रॉडगेजवरील वाफेच्या नियमित गाड्या बंद झाल्या त्या डिसेंबर १९९५ मध्ये. म्हणजे १९९७ मध्ये फेअरी क्वीन बाहेर निघाले तेव्हा वाफेवर आयुष्य काढलेली माणसे अजून हाताशी होती. इंजिन ८८ वर्षे थंड पडले होते. माणसांची विद्या थंड होऊन दोनच वर्षे झाली होती. माझ्या मते पुनरागमनाचे खरे कारण हे आहे. लोखंड चौथऱ्यावर शतकभर टिकते. विद्या मात्र एका पिढीत मरते.

मग ही विद्या कोणाला शिकू दिली गेली? एकोणिसाव्या शतकात मेल गाडीच्या इंजिनावर युरोपियन ड्रायव्हर असे, नंतर अँग्लो-इंडियन. हिंदी माणसाला ती जागा मिळायला फार काळ लागला. पण वर्णभेदाच्या या पायरीखाली आणखी एक पायरी होती. ती गोऱ्यांनी एकट्याने बांधलेली नव्हती.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही पायरी उघडी करून दाखवली. रेल्वेत अस्पृश्य मुख्यतः गँगमन. पोर्टरच्या जागेवरही त्याला घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरगडी म्हणून राबवले जाते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कारखान्यात तो कुली. कसबी कारागिराची जागा त्याला क्वचितच, फोरमनची तर नाहीच. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली ती याच परिषदेत. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

‘एका इंजिनाच्या हकिगतीत जात कशाला आणता?’ असे कोणी म्हणेल. आम्ही ती आणलेली नाही. रेल्वेच्या नोकरीतच ती होती. पगार कमी मिळणे हा अन्यायाचा एक भाग झाला. विद्येच्या जागेपासून दूर ठेवणे हा त्याहून खोल अन्याय, कारण तो पुढच्या पिढीचे हातही रिकामे ठेवतो. कसब न मिळालेल्याचे नाव कारागिरांच्या यादीत येत नाही, आणि गँगमनची यादी संग्रहालयात कोणी लावत नाही. मात्र त्याने राखलेल्या रुळाशिवाय कोणतेही इंजिन एक कोसभर गेले नसते.

फेअरी क्वीनची पुढची कथाही बोलकी आहे. २०११ च्या सुमारास सुटे भाग गेल्यामुळे ते निकामी झाले. पुन्हा पेरांबूरला नेऊन ते दुरुस्त केले गेले आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्याची चाचणी झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते दिल्ली कॅन्टोन्मेंट ते रेवाडी असे धावले. प्रत्येक वेळी त्याला परत आणले ते कारखान्यातील हातांनी. निर्मात्याचे नाव जगाला पाठ आहे. या हातांचे नाव इंजिनावर कोठेही नाही.

भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी, परळ या रेल्वेच्या गावांतील आपल्या वस्त्यांत वाफेच्या काळातले लोक आज म्हातारे झाले आहेत. कोणी राख काढली, कोणी कोळसा भरला, कोणी रूळ सांभाळला, कोणी आरक्षणानंतर क्लीनरचा फायरमन आणि फायरमनचा ड्रायव्हर झाला. ही चढण कशी चढली गेली, कोणी अडवले, कोणी विद्या दिली, हे तेच सांगू शकतील. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे, कार्यकर्त्यांनी वही घेऊन घरोघर जावे. इंजिनाची मापे कागदावर आहेत, ती कुठे जात नाहीत. या माणसांची साक्ष मात्र अजून उतरवून घ्यायची आहे.