एका वाक्याचा खेळ

आम्हा मास्तर मंडळींत ‘सोपे’ हा शब्द जरा तुच्छतेनेच उच्चारला जातो. सोपा पेपर, सोपे पुस्तक, म्हणजे काढणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत असेच आम्ही धरून चालतो. पडद्यावरच्या खेळांचा इतिहास वाचताना मात्र मला उलटाच प्रकार आढळला.

१९७१ साली अमेरिकेत ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र निघाले. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांची ही करामत. अग्निबाण डावीकडे वळवायचा, उजवीकडे वळवायचा, पुढे रेटायचा, नेम मारायचा. चार कामांना चार बटणे, आणि वर लांबलचक सूचना! गुत्त्यात विसाव्याला आलेला माणूस त्या कशाला वाचत बसतो? यंत्र फारसे चालले नाही.

पुढच्याच वर्षी या जोडीच्या ‘अटारी’ कंपनीत ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियराने ‘पाँग’ तयार केला. दोन फळ्या, एक चेंडू; चेंडू चुकू देऊ नका म्हणजे गुण मिळतील, एवढेच सांगणे. कॅलिफोर्नियातील सनीव्हेलच्या एका गुत्त्यात ते यंत्र ठेवले आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न उघडून पाहतो तो आत नाण्यांचा डबा भरून वाहतो आहे!

मूळ कल्पना राल्फ बेअर यांच्या ‘ओडिसी’ची; त्यावरून कोर्टकचेरी झाली, १९७६ साली तडजोडही झाली. ते असो. मला कौतुक वाटते ते अल्कॉर्नच्या कारागिरीचे. फळीचे त्याने आठ भाग कल्पिले. मध्यावर बसलेला चेंडू सरळ परततो, कडेला लागलेला तिरका सुटतो. टोलवाटोलवी लांबली की वेग वाढतो. शिवाय फळी पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचतच नाही. हा जुळणीतला दोष; पण त्याच्यावाचून दोन तरबेज गडी रात्रभर हटले नसते, म्हणून त्याने तो मुद्दाम राहू दिला. खेळणाऱ्याला यातले काही ठाऊक असावे लागत नाही. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी हे यंत्र एकदा उघडून पाहावे.

मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत १९८४ साली अलेक्सेय पाझित्नोव्हने हेच केले. त्याला आवडणाऱ्या कोड्यात पाच चौकोनांच्या बारा आकृती होत्या. त्याने एकेक चौकोन उतरवला, सातच आकृती उरल्या. त्याच्या यंत्राला चित्रे येत नव्हती, म्हणून चौकोन कंसांनी रेखाटले. भरलेली ओळ नाहीशी होते, चुकलेले तेवढे डोळ्यांसमोर साचत जाते. हा ‘टेट्रिस’ १९८९ साली ‘गेम बॉय’बरोबर घरोघर गेला. त्याचे हक्क पाझित्नोव्हने दहा वर्षांसाठी सरकारच्या स्वाधीन केले होते. त्याच्या वाट्याचा पैसा त्याला मिळू लागला तो १९९६ साली.